चाळीस सह्यांतली एक सही

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आंतर्देशीय पत्राच्या मागच्या बाजूला पाठवणाऱ्याचे नाव आणि पत्ता लिहायला जागा असायची. ती जागा कोरी दिसली की पोस्टमन पत्र उलटसुलट करून बघायचा आणि घरातली मोठी माणसे पत्र उघडण्याआधीच जरा सावध व्हायची. पत्रात काय लिहिले आहे याच्या इतकेच ते कोणी लिहिले आहे यालाही महत्त्व असते. नाव घातले की जबाबदारी आली, आणि काही देशांत, काही काळात, नाव घातले की शिक्षाही आली.

एका कवीने आपल्या संग्रहाचे नावच ‘पाठवणाऱ्याचा पत्ता’ असे ठेवले होते. मूळ भाषेत ‘सात्या आद्रेस’. कवीचे नाव पाउल-एरिक रुम्मो आणि देश एस्टोनिया. संग्रह १९७२ पर्यंत लिहून तयार होता. सेन्सॉरने तो छापू दिला नाही. छापून आला तो १९८९ साली, म्हणजे सतरा वर्षांनी. त्यानंतर तीनच वर्षांत हा कवी त्या देशाचा सांस्कृतिक मंत्री झाला, आणि पुढे आणखी एका खात्याचा मंत्री. ते दुसरे खाते असे होते की त्याचे नाव ऐकून आपल्याकडच्या माणसाचा हमखास गैरसमज व्हावा. त्याविषयी पुढे येईलच.

कवीने राजकारणात जाणे आपल्याला अगदीच नवे नाही. ग. दि. माडगूळकर आणि ना. धों. महानोर आपल्या विधान परिषदेत बसलेले आहेत. पण परिषदेत बसून बोलणे निराळे आणि खाते चालवणे निराळे. खात्यात नियम करावा लागतो, तारीख ठरवावी लागते, कोण आत आणि कोण बाहेर ते सांगावे लागते. कवितेत हे काही करावे लागत नाही. म्हणून मला रुम्मो यांच्या आयुष्याबद्दल कुतूहल वाटत आले.

एस्टोनिया हा बाल्टिक समुद्राकाठचा देश. क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या सातव्या हिश्श्याएवढे. लोकसंख्या तेरा-चौदा लाख. २०११ च्या जनगणनेत आपल्या एकट्या रत्नागिरी जिल्ह्यात सोळा लाख माणसे होती, त्याहूनही कमी. एस्टोनियन भाषा बोलणारे जगभरात मिळून अकरा लाखांच्या आसपास. ही भाषा फिनिशची सख्खी बहीण. शेजारच्या रशियनशी किंवा जर्मनशी तिचे रक्ताचे नाते नाही. गंमत म्हणजे भाषेच्या वंशावळीत रशियन ही आपल्या मराठीची दूरची का होईना, चुलत बहीण लागते. एस्टोनियन मात्र दोघींच्या कुळाबाहेरची. तिच्यात चौदा विभक्ती आहेत. आपल्या आठ विभक्ती पाठ करताना शाळेत आपली काय गत झाली होती ते आठवून पाहा. या चौदा विभक्ती पुढे या कथेत महत्त्वाच्या ठरणार आहेत.

रुम्मो यांचा जन्म १९ जानेवारी १९४२ चा, राजधानी टालिनमधला. त्या तारखेला टालिनवर जर्मन सैन्याचा ताबा होता. त्याच्या दीड वर्ष आधी, १९४० मध्ये, सोव्हिएत सैन्याने देश घेतला होता. १९४१ मध्ये जर्मन आले. १९४४ मध्ये पुन्हा सोव्हिएत आले ते जवळजवळ अर्धशतक राहिले. दोन वर्षांचे मूल धड बोलायला लागण्यापूर्वीच त्याच्या डोक्यावरचा झेंडा बदलला होता. वडील, पाउल रुम्मो, हेही कवी. मुलाने टार्टू विद्यापीठात एस्टोनियन भाषेचा अभ्यास केला आणि १९६५ मध्ये पदवी घेतली. टार्टूचे हे विद्यापीठ १६३२ सालचे, शिवजन्माच्या दोनच वर्षांनंतरचे.

साठच्या दशकात स्टालिननंतरची थंडी थोडी कमी झाली होती. तेव्हा तिथे एक छान पद्धत निघाली. चार-सहा नव्या कवींची पातळ पातळ पुस्तके एका पुठ्ठ्याच्या डबीत घालून एकत्र विकायची. त्या डबीला ‘कॅसेट’ म्हणत आणि तिच्यातून आलेल्या कवींना कॅसेट पिढी. एका कवीसाठी डबी घेतली तर बाकीचेही घरी येणार. आपल्याकडे लघुनियतकालिकांनी जे काम केले तेच म्हणा ना, फक्त इथे ते सरकारी प्रकाशनाने केले. रुम्मो यांचा पहिला संग्रह १९६२ साली या मार्गाने आला. कवी वीस वर्षांचा होता. १९६४ आणि १९६६ मध्ये आणखी दोन संग्रह आले आणि तो त्या पिढीचा लाडका झाला.

मग १९६८ साल उजाडले. सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये शिरले आणि साऱ्या साम्राज्यात थंडी परत आली. १९६९ मध्ये टार्टूच्या वानेमुइने नाट्यगृहात रुम्मो यांचे ‘सिंड्रेलाचा खेळ’ हे नाटक तरुण दिग्दर्शक एवाल्ड हेर्माक्युला यांनी उभे केले. कथा परीकथेची, पण परीकथा संपते तिथून पुढची. लग्नाला बरीच वर्षे झाली आहेत आणि राजपुत्राच्या मनात शंका आली आहे: जिला आपण राणी म्हणून आणले ती खरीच सिंड्रेला का? जोडा तिच्या पायात बसला एवढ्यावर आपण विश्वास ठेवला. तो तिच्या माहेरच्या घरी जाऊन तपास करू लागतो. ज्या देशात प्रत्येक निवडणुकीचा निकाल आधीच ठरलेला आणि प्रत्येक वर्तमानपत्रात सुखाचाच मजकूर, तिथे ‘हे खरे आहे का?’ हा प्रश्न रंगमंचावरून विचारणे काय असते हे वेगळे सांगायला नको. १९७१ मध्ये हे नाटक न्यूयॉर्कच्या ला मामा या प्रायोगिक नाट्यगृहातही झाले.

संगीतकार वेल्यो टॉर्मिस यांनी १९७२ मध्ये ‘लोखंडाला शाप’ ही समूहगानासाठीची रचना केली. हातात ओझा वाजवतो तसा डफ, आणि लोखंडाच्या जन्माची जुनी लोकगाथा. तलवारीपासून बाँबपर्यंत लोखंडाने जे जे केले त्याचा हिशेब त्यात आहे. जुन्या गाथेला आजच्या शस्त्रांपर्यंत आणून सोडणारे शब्द लिहिणाऱ्यांत रुम्मो आणि त्यांचे मित्र कवी यान काप्लिन्स्की होते. ही रचना पुढे जगभरच्या गानवृंदांनी गायली. ती ऐकताना भाषा कळत नाही, तरी अंगावर काटा येतो. ‘पाठवणाऱ्याचा पत्ता’ मात्र त्याच सुमारास अडकला. लोकांनी त्यातल्या कविता हाताने उतरवून घेतल्या, टंकलेखन यंत्रावर कार्बन घालून प्रती काढल्या. अकरा लाखांच्या भाषेत हस्तलिखित संग्रह फिरायला फार वेळ लागत नाही.

आता मुख्य पत्राकडे येतो.

१९८० चा शरद ऋतू. मॉस्को ऑलिंपिकची शिडांच्या होड्यांची शर्यत टालिनला नुकतीच झाली होती. शहर रंगवून, पुसून, नवे दिसत होते. पण आतून काय चालले होते? बाहेरून, रशियन प्रदेशांतून, कामगारांचा ओघ सतत येत होता. कारखाने मॉस्कोच्या हुकमाने उभे राहात आणि माणसेही तिकडूनच येत. युद्धापूर्वी, १९३४ च्या जनगणनेत, देशात एस्टोनियन माणसे ८८ टक्के होती. १९८९ पर्यंत ती ६१.५ टक्क्यांवर आली. दुकानात, दवाखान्यात, कचेरीत एस्टोनियन बोलून काम होईल याची खात्री राहिली नव्हती. विद्यापीठातले प्रबंध एस्टोनियन साहित्यावरचे असले तरी रशियनमध्ये लिहावे लागत. बालवाडीतच रशियन शिकवण्याचा धूमधडाका चालू होता. त्यातच सप्टेंबरअखेर एका फुटबॉल सामन्यानंतरचा रॉक गाण्यांचा कार्यक्रम अधिकाऱ्यांनी बंद पाडला. शाळकरी मुले रस्त्यावर आली आणि ऑक्टोबरभर ती धुसफूस चालली. पोलिसांनी मुलांना झोडपले. वर्तमानपत्रांनी या मुलांना गुंड ठरवले.

तेव्हा चाळीस लोकांनी एक पत्र लिहिले. तारीख २८ ऑक्टोबर १९८०. लेखक, कवी, नट, शास्त्रज्ञ, पुरातत्त्वज्ञ. पत्र मॉस्कोच्या ‘प्रावदा’ला आणि टालिनच्या दोन दैनिकांना पाठवले. त्यात सरकार उलथवा असे कुठेच नव्हते. मुले का चिडली, लोक का घाबरले, ते शांत शब्दांत लिहिले होते: आमची भाषा आमच्याच घरात पाहुणी होत चालली आहे. खाली चाळीस पूर्ण नावे. त्यांतली एक सही पाउल-एरिक रुम्मो यांची.

पत्र कोणीही छापले नाही. पण परदेशी रेडिओ केंद्रांनी ते प्रसारित केले आणि जे टालिनच्या दैनिकात यायचे ते टालिनच्या घरांतून रात्री दारे लावून, आवाज बारीक करून ऐकले गेले. आपण आत्ता ज्या माध्यमातून बोलतो आहोत त्याची ही एक हकीकत मला फार प्रिय आहे. सही करणाऱ्यांना चौकशीला बोलावले, काहींच्या घरांची झडती झाली, काहींच्या नोकऱ्या गेल्या. सही मागे घ्या असे दडपण प्रत्येकावर आले.

या पत्रात एक वाक्य आहे आणि माझ्या मते रुम्मो यांचे पुढचे सगळे राजकीय आयुष्य त्या वाक्याशी ताडून पाहायला हवे. त्याचा आशय असा: एस्टोनिया अशी भूमी व्हावी आणि राहावी की जिथे आपल्या मातृभाषेमुळे किंवा वंशामुळे एकाही माणसाला अपमान किंवा अडथळा सोसावा लागणार नाही. ‘एकाही माणसाला’ असे म्हटले आहे, ‘एकाही एस्टोनियनाला’ असे नाही. ज्यांच्या भाषेचे ओझे यांच्या डोक्यावर लादले जात होते त्या रशियन शेजाऱ्यालाही त्यांनी या वाक्यात जागा दिली होती. दडपले जात असताना असे लिहिणे ही मोठी गोष्ट. पण त्याहून अवघड ती वेळ, जेव्हा सत्ता आपल्या हातात येते आणि तेच वाक्य कोणीतरी आपल्यापुढे धरतो.

ती वेळ फार दूर नव्हती. १९८८ च्या उन्हाळ्यात लाखो लोक गाण्याच्या मैदानावर जमून रात्रभर गात राहिले. २३ ऑगस्ट १९८९ रोजी टालिनपासून विल्नियसपर्यंत तिन्ही बाल्टिक देशांतल्या लोकांनी सहाशे किलोमीटरची मानवी साखळी केली. २० ऑगस्ट १९९१ रोजी एस्टोनियाने स्वातंत्र्य पुन्हा जाहीर केले. हा इतिहास बऱ्याच जणांना ठाऊक आहे, म्हणून त्यात रमत नाही. रुम्मो यांनी या धामधुमीत १९९० साली एक छोटा उदारमतवादी पक्ष काढण्यात पुढाकार घेतला. १९९४ मध्ये तो रिफॉर्म पार्टीत विलीन झाला.

ऑक्टोबर १९९२ मध्ये मार्ट लार पंतप्रधान झाले. वय ३२, व्यवसाय इतिहासकार. राष्ट्राध्यक्ष लेन्नार्ट मेरी हे लेखक आणि माहितीपटकार. मंत्रिमंडळात रुम्मो, समाजविज्ञानाच्या अभ्यासक मार्यु लाउरिस्टिन आणि पर्यावरणाचे मंत्री आन्द्रेस तारान्द. हे तिघेही त्या चाळीसांतले. बारा वर्षांपूर्वी ज्यांना चौकशीला बोलावले जाई ते आता मंत्रालयाच्या पायऱ्या चढत होते.

पण मंत्रालयात होते काय? तिजोरी रिकामी. जूनमध्येच रुबल सोडून स्वतःचे चलन, क्रोन, आणलेले. इंधनाची टंचाई, हिवाळा तोंडावर. सोव्हिएत काळात कवितासंग्रहाच्या हजारो प्रती खपत, कारण कवितेत वर्तमानपत्रात न सापडणारे सत्य सापडे. आता वर्तमानपत्रच खरे बोलू लागले, शिवाय ब्रेडचे भाव चढले. कवीला बंदी सोसता येते. वाचक निघून जाणे सोसणे कठीण. सेन्सॉर गेला आणि त्याच्याबरोबर सरकारचा पैसाही आटला. नाट्यगृहे, ग्रंथालये, वाद्यवृंद, सगळे मंत्र्याच्या दाराशी. या दिवसांतली एक चांगली गोष्ट अशी की १९२५ साली स्थापन झालेला आणि सोव्हिएत राजवटीने मोडलेला सांस्कृतिक निधी १९९४ च्या कायद्याने पुन्हा उभा राहिला. त्याला पैसा मिळतो दारू, तंबाखू आणि जुगारावरच्या करातून. म्हणजे कोणी गुत्त्यात बसून पेला रिकामा करतो तेव्हा कुठेतरी एका कवीच्या अनुदानात थोडी भर पडते. आपल्याकडच्या दारूच्या उत्पन्नाचा असा हिशेब कोणी लावला तर साहित्यिकांना फारसे संकोचायला होईल असे वाटत नाही.

खरी अडचण दुसरीकडे होती. सांस्कृतिक खात्यालाच पुढे शिक्षण जोडले गेले आणि शाळांचा प्रश्न रुम्मो यांच्या टेबलावर आला. देशात दोन समांतर शाळा होत्या, एक एस्टोनियन माध्यमाची आणि एक रशियन माध्यमाची. दोन्हींतली मुले एकाच शहरात राहून एकमेकांना भेटत नसत. १९९३ च्या शाळा कायद्याने ठरवले की सरकारी रशियन शाळांतले वरचे, म्हणजे दहावी ते बारावीचे, वर्ग २००० सालापर्यंत एस्टोनियन माध्यमात जातील. सात वर्षे. कागदावर तारीख लिहायला एक ओळ पुरते. पण शिकवणार कोण? नार्वासारख्या शहरात नव्वद टक्क्यांहून अधिक लोक रशियन बोलणारे. तिथे एस्टोनियन धड बोलू शकेल असा गणिताचा मास्तर शोधूनही सापडत नव्हता. तारीख पुढे ढकलावी लागली. २००७ मध्ये एकेका विषयापासून सुरुवात झाली. माझे मत विचाराल तर हेतू चुकीचा नव्हता. एका देशातल्या मुलांना एक समान भाषा हवी. पण शिक्षक तयार न करता तारीख ठरवण्यात, बराच काळ दाबून ठेवलेल्या माणसाची घाई होती.

नागरिकत्वाचा प्रश्न याहूनही तीव्र. १९९२ मध्ये जुना कायदा पुन्हा लागू झाला: १९४० च्या आधी जे नागरिक होते ते आणि त्यांचे वंशज हेच आपोआप नागरिक. सोव्हिएत काळात आलेल्यांनी अर्ज करावा, भाषेची परीक्षा द्यावी. एस्टोनियन बाजूने याला तर्क होता. देश बेकायदा बळकावला गेला होता, तेव्हा त्या काळात जे वसवले गेले ते आपोआप नागरिक कसे? पण त्या कारखान्यात आलेला जोडारी कोणाचा देश बळकावायला आला नव्हता, तो पगारासाठी आला होता. त्याची मुले तर तिथेच जन्मली. सोव्हिएत संघ नाहीसा झाला आणि १९९२ साली देशातल्या जवळजवळ ३२ टक्के लोकांना कोणत्याच देशाचे नागरिकत्व नव्हते. त्यांना एक राखाडी रंगाचा परकीय पासपोर्ट मिळे. स्वतःच्या घरात बसलेला परका. १९९३ च्या उन्हाळ्यात नार्वा आणि सिल्लामाए या शहरांनी स्वायत्ततेसाठी मतदान घेतले. न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवले. सुदैवाने गोळी कुठे सुटली नाही. त्याच वर्षापासून स्थानिक निवडणुकीत, नागरिक नसले तरी, कायम रहिवाशांना मत देता येऊ लागले. तणाव निवळायला त्याचाही हातभार लागला असावा.

दहा वर्षांनी, एप्रिल २००३ मध्ये, रुम्मो पुन्हा मंत्री झाले. वय ६१. खाते लोकसंख्येचे. आपल्याकडे ‘लोकसंख्या मंत्री’ म्हटले की लाल त्रिकोण आणि ‘दोन पुरेत’च्या पाट्या डोळ्यांपुढे येतात. तिथे उलट. १९८९ ला पंधरा लाख पासष्ट हजार असलेली लोकसंख्या २००० च्या जनगणनेत तेरा लाख सत्तर हजारांवर आली होती. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी वर्षाला पंचवीस हजार मुले जन्मत, १९९८ मध्ये बारा हजारांच्या आसपास. एवढ्याशा भाषेला हे परवडणारे नव्हते. रुम्मो यांच्या काळात पालकांच्या भत्त्याचा कायदा झाला आणि १ जानेवारी २००४ पासून लागू झाला. मूल झाले की आई किंवा वडील घरी राहू शकतात आणि आधीच्या पगाराएवढी रक्कम, एका कमाल मर्यादेपर्यंत, सरकार देते. पुढच्या काही वर्षांत जन्म वाढले. त्यातले किती भत्त्यामुळे आणि किती त्या काळच्या तेजीमुळे यावर वाद घालता येईल. टीका अशी झाली की ज्याचा पगार मोठा त्याच्या बाळाला सरकार जास्त देते. मलाही ती रास्त वाटते. कवितेच्या गावातून आलेला हा माणूस आर्थिक धोरणात पक्का उदारमतवादी होता, हे इथे लक्षात येते.

त्याच खात्याकडे दुसरे काम होते ते रशियन भाषकांना सामावून घेण्याचे. हा बिनखात्याचा मंत्री; हाताशी एक छोटी कचेरी, पण शाळा शिक्षण खात्याकडे, पासपोर्ट गृहखात्याकडे. म्हणजे प्रश्न सगळे यांच्याकडे आणि अधिकार दुसऱ्यांकडे. रुम्मो आले तेव्हा नागरिकत्व न ठरलेले लोक साधारण १२ टक्के होते. २००७ मध्ये पायउतार झाले तेव्हा नऊच्या आसपास. मधल्या काळात, १ मे २००४ ला, देश युरोपीय संघात गेला आणि अर्ज वाढले.

परीक्षा दोन. एक भाषेची आणि दुसरी राज्यघटनेच्या ज्ञानाची. १९३० च्या आधी जन्मलेल्यांना लेखी भाग माफ. बाकीच्यांना चौदा विभक्ती. कल्पना करा, पंचावन्न वर्षांची एक बाई, तीस वर्षे नार्वाच्या सूतगिरणीत साच्यापुढे उभी राहिलेली, जिच्या आयुष्यात एस्टोनियन बोलणारा माणूस महिन्यातून एकदा येतो, ती बाकावर बसून ‘जंगलात’, ‘जंगलातून’, ‘जंगलाकडे’ यांची रूपे लिहिते आहे. आणि परीक्षेची व्यवस्था ज्या सरकारची, त्यात बसला आहे स्वतः भाषेसाठी सही केलेला कवी.

इथे मला थोडे स्वतःचे सांगावेसे वाटते. माझ्या घरात दखनी बोलतात, मी लिहितो मराठीत. चाळीस वर्षे लिहितो आहे. तरी कविसंमेलनानंतर कोणीतरी हात हातात घेऊन प्रेमाने म्हणतोच, ‘तुमचं मराठी किती शुद्ध आहे हो!’ त्यात वाईट हेतू नसतो. पण दर वेळी एका परीक्षेत पास झाल्यासारखे वाटते, जिचा फॉर्म मी भरलेलाच नव्हता. म्हणून नार्वाच्या बाईची बाजू मला कळते. आणि दुसरीकडे, भाषा दुकानातून, कचेरीतून हळूहळू सरकत गेली की काय होते तेही आपण मुंबईत बघतो आहोत, म्हणून रुम्मो यांची बाजूही कळते. दोन्ही बाजू कळणे सोयीचे नसते. मंत्र्याला तर एकच निर्णय घ्यावा लागतो.

तो निर्णय अपुरा पडला असेच म्हणावे लागेल. टालिनच्या मध्यभागी सोव्हिएत सैनिकाचा ब्राँझचा पुतळा होता, १९४७ चा. रशियन भाषकांना तो नाझींवरच्या विजयाची, त्यांच्या मेलेल्या आजोबांची खूण. एस्टोनियनांना अर्धशतकाच्या गुलामीची. मे २००६ पासून वाद धुमसत होता आणि त्या वेळी रुम्मो मंत्रिमंडळात होते. एप्रिल २००७ च्या सुरुवातीला त्यांचे मंत्रिपद संपले. तीनच आठवड्यांनी, २६ एप्रिलच्या रात्री, पुतळा हलवण्याची तयारी सुरू होताच टालिनमध्ये दंगल पेटली. दुकाने फुटली, एक तरुण मारला गेला, हजारावर लोक पकडले गेले. पुतळा लष्करी दफनभूमीत नेला. दगड मारणाऱ्यांत स्वतंत्र एस्टोनियाच्याच शाळांत शिकलेली पोरे होती. निर्णय पुढच्या मंत्रिमंडळाचा, पक्ष रुम्मो यांचाच. चार वर्षे सामावून घेण्याचे काम ज्या खात्याकडे होते त्याला या रात्रीच्या हिशेबातून वगळता येत नाही. १९८० मध्ये रस्त्यावर उतरलेल्या मुलांना गुंड म्हणून सोडून देऊ नका, ती का चिडली ते बघा, असे चाळीस जणांनी लिहिले होते. २००७ च्या मुलांसाठी असे पत्र लिहायला किती जण पुढे आले असतील, हा प्रश्न मला सुटलेला नाही.

लोकसंख्या मंत्र्याचे पद २००९ मध्ये रद्दच झाले. रुम्मो २०११ पर्यंत संसदेत होते. राखाडी पासपोर्टवाल्यांची संख्या आज पाच टक्क्यांच्या आसपास आहे. २०१६ पासून अशा आईबापांची तिथे जन्मलेली मुले आपोआप नागरिक होतात. पण २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि टालिनमधली जुनी भीती पुन्हा जागी झाली. २०२५ च्या घटनादुरुस्तीने रशियन नागरिकांचा स्थानिक निवडणुकीतला मताचा हक्क गेला. राखाडी पासपोर्टवाल्यांना त्या ऑक्टोबरची निवडणूक शेवटची मिळाली. रशियन शाळांचे माध्यम बदलण्याचे काम, ज्याची पहिली तारीख रुम्मो मंत्री असताना ठरली होती, ते सप्टेंबर २०२४ पासून बालवाडी, पहिली आणि चौथीच्या वर्गांत खऱ्या अर्थाने सुरू झाले आहे. नार्वात शिक्षक अजूनही कमीच पडतात. या वर्गात बसणारा सहा-सात वर्षांचा मुलगा घरी आजीशी रशियन बोलेल, शाळेत चौदा विभक्ती शिकेल. मोठा होऊन तो एस्टोनियनमध्ये पत्र लिहील तेव्हा मागच्या बाजूला पत्ता घालेल नार्वाचा.